पंख्याच्या तोंडाला दादरा

मी एक जुना पंखा आहे. जुना आहे, निकामी नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत एक शहाणा माणूस मला मेलेला ठरवणार आहे, आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलेला मला चालणार नाही.

मित्रांनो, छताला लटकणारा पंखा डोळ्यांपुढे आणू नका. मी मोटारीतल्या थंड हवेच्या पेटीत राहतो. पांढऱ्या उंदरांना पळायला जे गोल चक्र देतात, तसा माझा आकार. पेटी डॅशबोर्डखाली बसवलेली, आणि माझं तोंड तिच्या खालच्या बाजूला, बसणाऱ्याच्या पायांजवळ. तिथून मी मोटारीतली हवा आत ओढतो, गार नळ्यांच्या जाळ्यातून ढकलतो आणि समोरच्या तीन झडपांतून बाहेर सोडतो. गारवा मी करत नाही. तो इंजिनाशेजारचा कॉम्प्रेसर करतो आणि सगळं कौतुक पदरात पाडून घेतो. पण मी ढकललं नाही, तर तो गारवा नळ्यांतच बसून राहील.

पेटीवर एक खटका आहे. त्यावर चार खुणा: बंद, एक, दोन, तीन. माझी गोष्ट मी या खुणांवर सांगणार. आधी जन्म, मग कौतुक, मग हाल आणि शेवटी रडणं, असा आम्हा वस्तूंचा रिवाज आहे. मला रडता येत नाही, आणि तो रिवाजही पटत नाही. म्हणून जिथे मला संपवलं, तिथून मी सुरू करतो.

बंद

१९७३ सालच्या मे महिन्यातला शनिवार, ऊन उतरल्यानंतरची वेळ. कोलकात्यातलं एक गॅरेज. मिस्त्रीने खटका दोनदा फिरवला, झडपेपुढे हात धरला, तोंड वाकडं केलं आणि निकाल दिला.

"पंखा खतम. विलायती माल आहे, नवा मिळायचा नाही. पेटी काढून टाका, गाडी हलकी होईल."

गाडीचे मालक श्यामकांत देवस्थळी बाजूलाच उभे होते. घराण्याची तिसरी पिढी कोलकात्यात, तीस वर्षं हायकोर्टात वकिली. उलटतपासणीत समोरच्याला घाम फोडतात असा लौकिक. त्यांनी मिस्त्रीला एकही प्रश्न विचारला नाही. "बरं," म्हणाले, "सोमवारी गाडी पाठवतो."

मागच्या सीटवर त्यांची मुलगी शकुन होती. सव्वीस वर्षांची.  घरी पोहोचेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ते बघणं आवडलं. ते निरोपाचं नव्हतं.

एक

आता जन्म, तीन वाक्यांत. मी समुद्रापलीकडे झालो आणि एका कंपनीच्या बड्या साहेबाच्या लांबलचक गाडीतून इथे आलो. साहेब गेला, गाडी मोडीत निघाली. मी मलिक बाजारात, मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकतात तिथे, एका फळीवर हॉर्नांच्या रांगेत चार वर्षं धूळ खात पडलो.

झालं. त्या चार वर्षांबद्दल हळहळू नका. खरी गोष्ट पुढे आहे.

१९७१च्या पावसाळ्यानंतर श्यामकांतबाबू तिथे आले. त्यांनी मला उचललं, कानाशी धरलं आणि बोटाने फिरवून पाहिलं. मी फिरलो. त्यांनी पेटीसकट मला आपल्या अँबॅसेडरमध्ये बसवून घेतलं. दसऱ्याला बालीगंजच्या घरापुढे गाडीला झेंडूचा हार पडला, तेव्हा त्यांच्या पत्नी सुनीतीबाई आत वाकल्या आणि त्यांनी माझ्या पेटीलाही कुंकू लावलं. म्हणाल्या, माझ्या लेकीला सांभाळ.

लेकीचं असं झालं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टोव्ह भडकला. शकुनचा उजवा हात, मान आणि पाठ भाजली. जखमा भरल्या, पण भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, मित्रांनो. आणि घाम आला नाही, तर शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. कोलकात्याच्या उन्हाळ्यात ती अर्धा तास रस्त्यावर राहिली, की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी सांगितलं, मार्च ते ऑक्टोबर घरात बसा.

शकुन रसायनशास्त्र शिकलेली. घरात बसणं तिला जमणारं नव्हतं. तिने वर्षभर शोधून एक नोकरी मिळवली: कोलकात्याबाहेर, बजबजच्या एका तागाच्या गिरणीत, धाग्याची ताकद तपासण्याच्या प्रयोगशाळेत. हवा बदलली की धाग्याची ताकदही बदलते, म्हणून ती खोली बारा महिने एकसारखी गार ठेवावी लागते. सबंध गिरणीत गार खोली एकच, आणि शकुनचं टेबल नेमकं तिथे. घरात सावली, कामावर गारवा. अडचण होती ती मधल्या सव्वा तासाची. लोकल गाडीत तिचे हाल झाले असते.

तो सव्वा तास माझा.

तीन

१९७२चा उन्हाळा! खटका सकाळी तीनवर जायचा, तो गिरणीच्या फाटकापर्यंत तीनवरच. मी असा फिरलो, की शकुनच्या वहीची पानं तिला कोपराने दाबून धरावी लागायची. आमचा ड्रायव्हर शरच्चंद्र, शकुन त्याला शरत्‌दा म्हणते, स्वेटर घालून गाडी चालवावी लागेल अशी तक्रार करायचा आणि ती रस्त्यात भेटलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला मुद्दाम ऐकवायचा.

शकुनच्या उजव्या तळहाताला हवेची बारीक झुळूक कळत नाही. म्हणून तिने मधल्या झडपेला तागाचा एक धागा बांधला. माझी हवा जोरात असली, की धागा आडवा उडायचा. निघताना शरत्‌दा विचारायचा, धागा कसा आहे? ती म्हणायची, आडवा. मग गाडी हलायची.

दोन या खुणेची गोष्ट तुम्हाला आत्ता सांगता येत नाही. त्या खुणेवर मला तोवर कुणी चालवलंच नव्हतं.

तीनच, पण

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत शरत्‌दाने गिरणीतून चटाचा, म्हणजे तागाच्या गोणपाटाचा, एक नवाकोरा तुकडा आणला आणि शकुनच्या, त्याच्या दिदिमणीच्या, पायांखाली गालिचा म्हणून अंथरला. नवा चट झडतो. त्याचे बारीक तंतू गाडीभर उडू लागले. शकुन खोकू लागली. तिच्या रुमालात तंतू निघाले, ते धुताना सुनीतीबाईंना दिसले.

मार्चमधल्या एका सकाळी सुनीतीबाई एकट्याच गाडीपाशी आल्या. हातात धुतलेलं जाड फडकं आणि दोरा. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला आपल्याकडे कापड बांधतात, त्याला दादरा म्हणतात. मुंगी जाऊ नये, धूळ जाऊ नये, लोणचं वर्षभर टिकावं. सुनीतीबाईंचा दादरा बालीगंजच्या मराठी घरांत नावाजलेला होता. फडक्याची दुहेरी घडी, दोऱ्याचे तीन वेढे, वर खास त्यांची अशी चपटी गाठ.

त्या गुडघ्यांवर बसल्या आणि तो दादरा त्यांनी माझ्या तोंडाला बांधला.

बरणीला श्वास घ्यावा लागत नाही.

मला लागतो.

पहिला आठवडा ठीक गेला. मग चटाचे तंतू फडक्यावर बसू लागले. एकावर एक.

मी ओढायचो. ते घट्ट व्हायचे.

मी जास्त जोरात ओढायचो. ते जास्त घट्ट व्हायचे. दादरा बांधण्याआधीचे तंतू नळ्यांत अडकलेले होतेच.

हवा कमी. नळ्या फार गार. नळ्यांवर बर्फ.

बर्फाने उरलेली वाटही बंद.

गाडी थांबली की बर्फ वितळायचा आणि शकुनच्या पावलांवर पाणी गळायचं. सगळे म्हणाले, पेटी सडली.

मी फिरत होतो. सांगून ठेवतो, मी एक दिवसही थांबलो नाही.

आणि मग मेमधला तो गुरुवार. बजबजच्या वाटेवर, तारातल्याच्या चौकात ट्रकांची रांग लागली. धागा आधी कलला, मग सरळ खाली लोंबू लागला. शकुनने खिडकी उघडली, तर बाहेरून भट्टीसारखी झळ आली. पाच मिनिटांनी तिची वही खाली पडली. शरत्‌दाने पाण्याची अख्खी बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली आणि गाडी उलट दिशेने घातली.

घरी सुनीतीबाई पायरीवरच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. हे आता बंद, एवढंच म्हणाल्या. गिरणीच्या साहेबांनी पूर्वीच कळवलं होतं, की उन्हाळाभर जागा रिकामी ठेवता येणार नाही. म्हणजे नोकरी तरी, नाहीतर घर तरी. श्यामकांतबाबूंनी शेवटची संधी म्हणून शनिवारी गॅरेज दाखवलं. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. घरी परतताना ते मुलीला म्हणाले, तुझा राजीनामा मी टाइप करून ठेवतो, सोमवारी सही कर.

बंद गाडीत, बॅटरीवर

रविवारी सकाळी अंगणातल्या सावलीत शरत्‌दा गाडी धूत होता. शकुन बाहेर आली. हातात टॉर्च, वही आणि गिरणीतले चार धागे.

तिने इंजिन चालू करू दिलं नाही. नुसता माझा खटका तीनवर नेला. मी फिरू लागलो.

"दिदिमणी, मिस्त्रीने सांगितलं ना, मेलाय म्हणून," शरत्‌दा म्हणाला.

"मेलेला गुणगुणतो का, शरत्‌दा?"

"भुतं गुणगुणतात."

"मग हे भूत कशाने मेलं ते तरी बघू."

तिने तिन्ही झडपांपुढे एकेक धागा धरला. तिन्ही जेमतेम थरथरले. वहीत तिने लिहिलं: बर्फ नाही, तरी हवा नाही. म्हणजे दोष गारव्यात नव्हे. मग तिने डोळे मिटले आणि पेटीला कान लावला. दोन वर्षांत माझं कुणी असं ऐकलं नव्हतं.

"हा दमलेला नाही," ती हळूच म्हणाली. "दमलेली मोटर हळू फिरते, घरघरते. हा तर बारीक आवाजात सुसाट सुटलाय. याला ढकलायला हवाच मिळत नाहीये."

मित्रांनो, त्या मिस्त्रीने झडपेपुढे हात धरला होता. हवा बाहेर का येत नाही, एवढंच त्याने पाहिलं. आत काय जातं ते पाहायला त्याला वाकावं लागलं असतं.

शकुन वाकली. खाली पडलीच म्हणा, त्या ओल्या चटावर पाठ टेकून. खालून तिने धागा माझ्या तोंडापाशी नेला. तो आत ओढला जायला हवा होता. तो फडक्याला नुसता चिकटून राहिला. तिने डावा हात वर घातला. त्या हाताला सगळं कळतं. बोटांना घोंगडीसारखं जाड काहीतरी लागलं, मग दोरा, मग एक चपटी गाठ.

ती गाठ तिने लहानपणापासून दर उन्हाळ्यात सोडली होती, कैरीची फोड चोरण्यासाठी.

तिने गाठ सोडली.

त्या क्षणी मी जो श्वास घेतला, त्याचं वर्णन करणार नाही. शरत्‌दाच्या हातातलं फडकं झडपेपुढून उडालं आणि तो "ओ माँ" म्हणत मागे सरकला, एवढं सांगतो.

सुनीतीबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. शकुन उठून बसली. केसांत तंतू, हातात तो दादरा, तंतूंचा थर बसून राखाडी झालेला.

"हा तू बांधलास, आई."

"तू खोकत होतीस. रुमाल मी धूत होते, शकू."

"मला सांगायचंस."

"तू बांधू दिला असतास?"

 शकुनने दुसराच प्रश्न विचारला, वडिलांनी जो गॅरेजमध्ये विचारायला हवा होता तसा. "गुरुवारी मला उचलून आणलं, तेव्हा तुला हा आठवला का?"

सुनीतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. शरत्‌दाला मराठी समजत नाही असं घरातले सगळे धरून चालतात. तो एकच चाक पुन्हा पुन्हा पुसत होता.

"आठवला," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, देवानेच सोय केली. राहील घरात. माझ्या डोळ्यांसमोर."

"स्टोव्ह घरातच भडकला होता, आई. तुझ्या डोळ्यांसमोर."

शकुनचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच बहुधा ते वाक्य इतकं लागलं. सुनीतीबाई आत निघून गेल्या. 

शकुनने जुन्या टूथब्रशने आणि रिठ्याच्या पाण्याने नळ्यांचं जाळं घासायला घेतलं. जाळ्यावरच्या दबलेल्या पात्या जुन्या फणीने विंचरून सरळ केल्या. शरत्‌दाने चट उचलला. दिदिमणीच्या पायांना मऊ लागावं म्हणून आणला होता, असं तो पुटपुटला. ती म्हणाली, माहीत आहे, म्हणून तर रागावता येत नाही. तेवढ्यात सुनीतीबाई परत आल्या. डोळे लाल, हातात पुरणयंत्राची जाळी.

"ही लावून बघ," त्या म्हणाल्या. "भोकं मोठी आहेत. तंतू अडतील, पण हा गुदमरणार नाही. दर शनिवारी मी स्वतः धुवीन."

शकुनने जाळी हातात फिरवून पाहिली, उजेडाकडे धरली, जवळ धागा नेऊन तपासली. गोष्ट आईची असली तरी तपासल्याशिवाय ती स्वीकारत नाही.

"आणि होळीला?"

"होळीला काढून नेईन. पुरण वाटलं की घासून परत आणून देईन."

जाळी माझ्या तोंडाला अर्धा बोट कमी पडली. शरत्‌दाने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती फट बुजवली. एवढीच माझी दुरुस्ती. विलायतेहून काहीही आलं नाही.

दुपारी श्यामकांतबाबू टाइप केलेला कागद घेऊन बाहेर आले. शकुनने त्यांना झडपेपुढे बसवलं. कागद त्यांच्या हातात फडफडू लागला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि मिस्त्रीबद्दल काहीतरी अस्सल मराठी बोलले, ते लहान मुलांसाठी नाही.

दोन

सोमवारी सकाळी गाडीत तीन माणसं होती. सुनीतीबाई न विचारता मागे बसल्या. सबंध वाटभर त्या बाहेर पाहत नव्हत्या, झडपेला बांधलेल्या नव्या धाग्याकडे पाहत होत्या, उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहावं तशा.

तारातल्याला पुन्हा ट्रकांची रांग. गाडी थांबली. बाहेर तेच ऊन, तीच भट्टी. पाच मिनिटं झाली. दहा झाली. शरत्‌दाने विचारलं, धागा कसा आहे?

 शकुनने आईकडे पाहिलं.

"आडवा," सुनीतीबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, पदर खांद्यांभोवती ओढून घेत, "शकू, जरा कमी कर गं. गारठायला झालं."

आणि शकुनने हसत हसत माझा खटका तीनवरून दोनवर आणला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. दोनवर मी कसा चालतो हे मलाही माहीत नव्हतं. बरा चालतो.

आज १९७९ साल आहे. शकुन त्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे. जाळी दर शनिवारी धुतली जाते, आणि होळीनंतर आठवडाभर माझ्या हवेला वेलदोड्याचा वास येतो.

मित्रांनो, इथे येऊन आम्ही वस्तू हात जोडतो आणि आम्हाला जपा म्हणतो. मला हात नाहीत, आणि असते तरी मी ते जोडले नसते. मला जपू नका. मला झाकू नका, घडी घालू नका, बरणीत भरू नका. माझा आवाज बदलला, तर खाली वाका आणि कान लावा. माझ्या तोंडाला कुणी प्रेमाने काही बांधलं असेल, तर आधी ते सोडा आणि मग ठरवा मी मेलोय का. मळलो तर धुवा. आणि धुऊन झालं, की मला उन्हात, रांगेत, ट्रकांच्या मधोमध पुन्हा कामाला लावा.

उद्या सोमवार आहे. धागा बांधलेला आहे. खटका फिरवा.